दप्तराची हमी

सरकारी दप्तरांत झालेली नोंद मागाहून कोणी बदलली नाहीं, याची हमी कोणीं द्यावी? हा प्रश्न दप्तराइतकाच जुना आहे. ब्लॉकचेनच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें असें, कीं ही हमी आतां गणित देईल. या म्हणण्यांत तथ्य किती, हें तिच्या इतिहासावरूनच पाहिलें पाहिजे.

१९९१ सालीं स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनीं संगणकावरील दस्तऐवजास तारखेचा शिक्का मारण्याची युक्ति मांडली. दस्तऐवजावरून गणितानें एक लहानशी खूण काढावयाची. तिला हॅश म्हणतात. मजकुरांतील एक काना जरी बदलला, तरी खूण अगदीं निराळी येते. प्रत्येक नव्या खुणेंत मागची खूण गुंफिली, कीं सांखळी तयार होते, आणि मधली कडी गुपचूप बदलतां येत नाहीं. १९९५ पासून अशी खूण दर आठवड्यास ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जाहिरातींत छापली जाऊं लागली. घरोघरीं पोंचलेला अंक परत कोण गोळा करणार? २००९ सालीं सुरू झालेल्या बिटकॉइननें वर्तमानपत्राचें हें काम देशोदेशींच्या संगणकांकडे सोंपविलें.

पुढें जमिनीच्या दप्तरांत या विद्येचे प्रयोग झाले. होंडुरासमध्यें २०१५ सालीं मोठा गाजावाजा झाला. पण योजना अर्ध्यावरच थांबली. जॉर्जियामध्यें २०१६ सालीं काम सुरू झालें, आणि मालकीच्या दाखल्यांच्या खुणा बिटकॉइनच्या सांखळींत नोंदल्या जाऊं लागल्या. मात्र तेथें २००४ सालीं नवें नोंदणीखातें स्थापन होऊन कारभार आधींच सुधारला होता, हें विसरतां कामा नये. सांखळीनें चांगल्या दप्तरास कुलूप घातलें. दप्तर चांगलें केलें तें माणसांनीं.

महाराष्ट्रांतील सातबाराचा विचार करतांनाही हाच भेद ध्यानांत ठेवावा लागतो. नोंदींत मागाहून खाडाखोड झाली, तर सांखळी ती तत्काळ उघडकीस आणील. हा उपयोग लहान नव्हे. परंतु वारसनोंदींतून एखाद्या विधवेचें नांव मुळांतच गाळलें गेलें, तर तीच सांखळी त्या असत्यावरही तितकाच पक्का शिक्का मारील. म्हणून फेरफार कायम करण्यापूर्वीं चावडीवर नोटीस लावून हरकती ऐकण्याचा जो नियम आहे, त्याचें महत्त्व यत्किंचितही कमी होत नाहीं. नोंद खरी आहे कीं नाहीं, हें तेथें ठरतें. सांखळीचें काम त्यानंतरचें होय.