एका गावाची दोन नावे

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, नेव्हर नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, टॉरिसडेल उपसागराच्या काठी बेट्टीहिल नावाचे एक लहानसे खेडे आहे. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले असता समोर आर्क्टिक महासागराकडे जाणारे मोकळे पाणी. पाठीशी दलदलीने व हेदरच्या खुरट्या झुडपांनी व्यापलेले डोंगर. समुद्र म्हटला की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे माडांची रांग उभी राहते. येथे वाऱ्यापुढे झाड म्हणून टिकत नाही. काळे कडे, त्यांमधून शिरलेली वाळूची पट्टी आणि उतारावर विखुरलेली घरे, एवढाच या गावाचा देखावा.

या गावास दोन नावे आहेत. बेट्टीहिल म्हणजे बेट्टीची टेकडी. बेट्टी म्हणजे सदरलंडची काउंटेस एलिझाबेथ, या सर्व मुलुखाची जमीनदारीण. तेथील लोकांच्या गेलिक भाषेत मात्र त्याच जागेस 'अम् ब्लारन ओअर' म्हणतात. त्याचा अर्थ, करड्या रंगाचे लहानसे माळरान. पहिले नाव गाव वसविणाऱ्या मालकिणीचे, दुसरे नुसत्या जमिनीचे. तेथे जे लोक आणून बसविले त्यांचे नाव दोहोंतही नाही, आणि गावाच्या इतिहासाचे मर्म आम्हांस येथेच दिसते.

आमच्या विद्यार्थिदशेत इंग्लंडच्या आर्थिक इतिहासाचे जे पाठ्यपुस्तक होते, त्यात स्कॉटलंडमधील जमिनींच्या सुधारणेस अर्धे पान दिलेले होते. डोंगरातील निकृष्ट शेती जाऊन तेथे मेंढपाळी आली, लोक किनाऱ्यावर जाऊन मासेमारीस लागले, देशाची लोकर वाढली, असा त्याचा आशय. आम्ही तो पाठ केला, परीक्षेत लिहिला, त्यास गुणही मिळाले; आणि पुढे स्वतः शिकवू लागल्यावर कित्येक वर्षे तोच विद्यार्थ्यांस उतरवून दिला. मराठीत 'सुधारणा' या शब्दाभोवती लोकहितवादी-आगरकरांपासून एक तेज आहे. त्या तेजामुळे, की आमच्या आळसामुळे न कळे, ही सुधारणा कोणाची व कोणी सोसली हा प्रश्न आम्हांस बराच काळ सुचला नाही.

नेव्हर नदी त्याच नावाच्या सरोवरातून निघून सुमारे अठरा-वीस मैल उत्तरेस वाहते. तिच्या खोऱ्यास स्ट्रॅथनेव्हर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या खोऱ्यात लहान लहान वाड्या होत्या. शेत सामाईक, त्याच्या पट्ट्या वाटून घेऊन जव व ओट पिकवीत. पुढे बटाटाही आला. खरे धन म्हणजे काळी गुरे. ती विकून खंड भरावयाचा. घर लांबट, दगडामातीच्या भिंतींचे. एका टोकास माणसे व दुसऱ्या टोकास जनावरे, सर्व एकाच छपराखाली. हे जीवन सुखाचे होते असे म्हणून आम्ही कोणाची फसवणूक करणार नाही. पीक बुडाले की उपासमार ठरलेली, आणि अशा वर्षी जमीनदारास धान्य आणून वाटावे लागे. परंतु कुळांचा समज असा होता की, ही जमीन केवळ भाडेपट्ट्याची नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या सेवेने आपली झालेली आहे. १७९९-१८०० साली काउंटेसच्या मुलुखातून ९३ वी सदरलंड हायलँडर्स पलटण उभी राहिली. मुलगे पलटणीत धाडणाऱ्या आईबापांस आपले घर आता अढळ झाले असे वाटले असल्यास त्यात नवल नाही. हीच पलटण पुढे १८५७ साली लखनौच्या सिकंदरबागेत लढली, म्हणून तिचे नाव आपल्या इतिहासातही येते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र कूळ म्हणजे मर्जीचे कूळ. काउंटेसचा विवाह १७८५ साली इंग्लंडमधील एका अतिशय धनाढ्य घराण्यात झाला होता. तिचा पती पुढे मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड व १८३३ साली ड्यूक झाला. त्याच्या पैशाने सदरलंडमध्ये रस्ते, पूल व पूर्व किनाऱ्यावर हेल्म्सडेलसारखी बंदरे झाली. हे कबूल केले पाहिजे. त्याच योजनेचे दुसरे अंग असे की, आतील खोरी शेव्हियट जातीच्या मेंढ्यांस द्यावयाची व माणसे किनाऱ्यावर न्यावयाची. संस्थानचा मुख्य कारभारी जेम्स लॉक याने १८२० साली या योजनेचे समर्थन करणारे मोठे पुस्तक लिहिले. ते वाचताना आम्हांस त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका येत नाही, आणि म्हणूनच भय वाटते. माणसे आळशी आहेत, जुन्या चालीस चिकटलेली आहेत, त्यांना समुद्रकाठी नेऊन दोन-चार एकरांचा तुकडा दिला म्हणजे पोटाच्या ओढीने ती उद्योगी होतील, हे सर्व तो गणिताच्या उदाहरणाप्रमाणे मांडतो. तुकडा मुद्दामच अपुरा ठेवावयाचा, कारण पुरेसा दिला तर मनुष्य होडीत बसणार नाही! ज्यांनी जन्मात वल्हे हाती धरले नाही अशा गुराख्यांस जगातील एका रागीट समुद्रावर, चांगल्या बंदराविना, कोळी बनविण्याचा हा बेत होता. नदीतील सॅमन मासा तेवढा भरवशाचा. पण त्याचा हक्क संस्थानाकडे, कुळांकडे नव्हे.

मालकिणीचे नाव धारण करणारे बेट्टीहिल हे या बेतातूनच वसले.

आता खोरे रिकामे कसे झाले ते पाहू. पॅट्रिक सेलर हा मोरे परगण्यातला, एडिंबरोस कायदा शिकलेला मनुष्य संस्थानचा एक कारभारी होता. १८१३ च्या डिसेंबरात खोऱ्यातील मेंढपाळीची जमीन लिलावास निघाली तेव्हा ती त्यानेच घेतली. म्हणजे कुळांना हुसकावण्याचा अधिकार ज्याच्या हाती, रिकाम्या जमिनीचा लाभही त्यालाच. १८१४ च्या वसंतात डोंगरावरील हेदर जाळण्यात आले आणि कुळांच्या गुरांची चराई बुडाली; उन्हाळ्यात घरे पाडण्यास आरंभ झाला. त्या वृक्षहीन मुलुखात छपराचे लाकूड हीच मोठी दौलत. जाताना वासे काढून न्यावेत व नव्या जागी तेच घालून घर उभारावे अशी रीत होती. घर फिरले म्हणजे वासेही फिरतात असे आपण म्हणतो. येथे वासे फिरण्यासही उरू नयेत म्हणून ते पेटविण्यात आले.

त्या जून महिन्यात बॅडिनलॉस्किन येथील एका झोपडीत मार्गारेट मॅके नावाची, सुमारे शंभर वर्षांची म्हणून सांगितली जाणारी म्हातारी अंथरुणास खिळून होती. आग लागलेल्या घरातून तिला बाहेर काढले, आणि थोड्याच दिवसांत ती वारली. या व अशा इतर आरोपांवरून सेलरवर इन्व्हर्नेस येथे २३ एप्रिल १८१६ रोजी खटला चालला. पंचांमध्ये जमीनदार वर्गाचा भरणा होता. साक्षीदार बहुतेक गेलिक बोलणारे, न्यायालयाची भाषा इंग्रजी. सेलर निर्दोष सुटला. ज्या न्यायाधिकाऱ्याने त्यास पकडण्याचे धैर्य केले, त्या रॉबर्ट मॅकिड यास पुढे सेलरची लेखी क्षमा मागावी लागली. सेलरचे कारभारीपण लवकरच गेले खरे, पण मेंढ्या व जमीन त्याच्याकडेच राहिली, आणि १८१९ साली खोऱ्याचा उरलेला भाग रिकामा झाला तेव्हा तिच्यात भर पडली.

१८१९ च्या या घटनेचे साक्षीदार दोन. एक डोनल्ड सेज, अक्‌नेस येथील तरुण धर्मोपदेशक. आपल्या लोकांपुढील शेवटच्या प्रवचनात बोलता बोलता त्याचा कंठ दाटला व सारी सभा रडू लागली, असे तो आपल्या आठवणींत सांगतो. दुसरा डोनल्ड मॅक्लाउड, रोझल वाडीचा गवंडी. एका रात्री टेकडीवर चढून आपण अडीचशे घरे जळताना मोजली, असे त्याने लिहून ठेवले आहे. हा आकडा कोणास जास्त वाटेल. मॅक्लाउड संतापाने लिहितो, आणि संतापलेल्या माणसाची मोजणी जपून घ्यावी, हा आमच्या धंद्याचा नियम. पण त्याच नियमाने लॉकच्या समाधानाचीही छाननी व्हावयास हवी होती, ती मात्र फार काळ कोणी केली नाही. सेजच्या आठवणी १८८९ पर्यंत छापल्या गेल्या नाहीत. मॅक्लाउडची पत्रे १८४० च्या सुमारास वर्तमानपत्रात आली व तो स्वतः शेवटी कॅनडात गेला. लॉकचे पुस्तक मात्र जाडजूड बांधणीत ग्रंथालयांत बसले होते.

या असमानतेचा एक विलक्षण दाखला आहे. 'अंकल टॉम्स केबिन' लिहून गुलामगिरीविरुद्ध साऱ्या जगास हलविणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो १८५३ साली इंग्लंडास गेल्या. तेव्हाच्या डचेस ऑफ सदरलंडने त्यांचा मोठा सत्कार केला. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात स्टोबाईंनी सदरलंडमधील प्रकाराविषयीची गाऱ्हाणी खोटी ठरवून संस्थानची बाजू उचलून धरली, आणि आधार काय? लॉकचे पुस्तक! मॅक्लाउडने यास उत्तर म्हणून आपली पत्रे पुन्हा ग्रंथरूपाने काढली. उलटपक्षी, त्याच १८५३ साली कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका पत्रात याच डचेसच्या गुलामगिरीद्वेषाचा उपहास केला व १८६७ च्या 'भांडवला'त हा विषय पुन्हा घेतला. ज्या बाईच्या डोळ्यांस केंटकीतील झोपडी दिसली तिला स्ट्रॅथनेव्हरमधील झोपडी का दिसू नये? आम्ही तिला दोष देण्यास कचरतो. चांगल्या घरी पाहुणचार घेऊन चांगल्या बांधणीचे पुस्तक वाचले की आपलेही असेच होते.

किनाऱ्यावर आलेल्यांचे पुढे काय झाले? आगीतून निघून फुफाट्यात, एवढेच म्हणावयाचे. खडकाळ तुकडा, त्यात वाहून आणलेल्या शेवाळाचे खत, वाऱ्याने झोडपलेले पीक आणि बटाट्यावर सर्व भिस्त. १८४६ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात बटाट्यावर रोग पडला तेव्हा तोही आधार डळमळला. पुष्कळांनी समुद्रापलीकडची वाट धरली. १८३३ साली मृत्यू पावलेल्या पहिल्या ड्यूकचा प्रचंड पुतळा मात्र पूर्व किनाऱ्यावर गॉल्स्पीजवळच्या डोंगरमाथ्यावर १८३७ मध्ये उभा राहिला, तो अद्यापि उभा आहे.

सत्तर वर्षे अशीच गेली. मग कुळांच्या असंतोषाने सरकार जागे झाले आणि १८८३ साली एक चौकशी मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हिंदुस्थानास हे नाव अनोळखी नाही: १८६६ ते १८७२ पर्यंत ते मद्रासचे गव्हर्नर होते, आणि लॉर्ड मेयोचा खून झाल्यावर थोडा काळ त्यांनी व्हाइसरॉयचेही काम पाहिले. मंडळाने १८८४ च्या अहवालात, प्रत्येक वाडीस एकसंध गाव म्हणून कायद्याने मान्यता द्यावी व तिचे सामाईक हक्क नोंदवावेत, अशी शिफारस केली. तिच्यामागे मद्रास इलाख्यातील गावे पाहिलेला डोळा असावा, असे आम्हांस वाटते. सरकारने ती मानली नाही. पण १८८६ च्या कायद्याने कुळास कायमपणा, वाजवी खंड व त्याने केलेल्या कामाची भरपाई हे तीन हक्क मिळाले.

त्या उन्हाळ्यात हे मंडळ बेट्टीहिलला येऊन बसले. साक्षीस ऐंशीच्या घरातला एक शेतकरी उभा राहिला, अँगस मॅके. खोरे पेटले तेव्हा तो सुमारे अकरा वर्षांचा होता. आईबाप पहाटेच गुरे घेऊन निघून गेले होते, मुले अंथरुणात झोपलेली. एका बाईने येऊन हाक दिली की, उठा, सेलर पलीकडच्या वाडीत घरे जाळतो आहे. भिऊन मुले नदीकडे धावली. पलीकडे ओळखीचे घर होते. अँगसने धाकट्या भावास पाठुंगळी घेतले व पाण्यात पाऊल टाकले. पाणी भावाच्या पाठीपर्यंत चढताच तो रडत हातपाय झाडू लागला, अँगस पडला, भावाने त्याच्या गळ्याला मिठी घातली, आणि त्यास उठता येईना. दोघेही रडत बुडण्याच्या बेतात असता, आपले बिऱ्हाड घेऊन खोऱ्यातून चाललेल्या एका गरीब बाईने पाण्यात उडी टाकून त्यांना ओढून काढले.

१८१६ च्या न्यायालयात ही साक्ष नव्हती; ती देणारा तेव्हा पोर होता. ती सरकारी अहवालात छापली गेली तेव्हा सेलर मरून ३२ वर्षे झाली होती. कायदेशीरदृष्ट्या तिने काहीच सिद्ध होत नाही, असे कोणी वकील म्हणेल, व ते बरोबरही असेल. सेलर त्या दिवशी कोठे होता, कोणाच्या हुकमाने काय पेटले, हे पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या मुलास काय ठाऊक? परंतु हा मनुष्य लॉकच्या ग्रंथातील आळशी कुळांपैकी एक होता, हे ध्यानात घेऊन त्या ग्रंथाची पाने पुन्हा उलटावीत. आम्ही तसे केले, आणि त्यानंतर वर्गात तो अर्ध्या पानाचा पाठ पूर्वीसारखा सांगता आला नाही. आता आम्ही आधी नदीची हकीकत सांगतो व मग लोकरीचे आकडे देतो.

१८८६ च्या कायद्याने कुळांना ती जेथे होती तेथे स्थिर केले. गेलेले खोरे परत दिले नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सायर येथे थोड्या कुटुंबांची पुन्हा वस्ती झाली. मॅक्लाउडची रोझल वाडी मात्र तशीच ओसाड राहिली. १९६२ साली होरेस फेअरहर्स्ट या संशोधकाने तेथे उत्खनन केले, तेव्हा लांबट घरांच्या जोत्यांबरोबर धान्य वाळविण्याच्या भट्ट्याही सापडल्या. गावात फारच्या जुन्या चर्चमध्ये १९७६ पासून स्ट्रॅथनेव्हरचे वस्तुसंग्रहालय आहे. ही इमारत १७७४ ची, म्हणजे बेट्टीहिल हे नाव पडण्यापूर्वीची. तिच्या आवारात हजार वर्षांहून जुनी एक कोरीव शिळा उभी आहे. तीही कोणाची, ते तिच्यावर लिहिलेले नाही.