सातवी शस्त्रक्रिया

१/ मानेत, थायरॉईडच्या मागे, डाळीच्या दाण्याएवढ्या साधारण ४ पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे नियमन हे त्यांचे कार्य. १८८० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील वैद्यकीय विद्यार्थी ईवार सांडस्ट्रॉम याने मानवी देहातील या ग्रंथींचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

२/ यांपैकी एखादीत गाठ झाली, की हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरू लागते. अमेरिकी व्यापारी जहाजावरील कप्तान चार्ल्स मार्टेल याची हाडे अशीच ठिसूळ झाली, उंचीही घटली. १९२६ पासून त्याच्यावर ६ शस्त्रक्रिया झाल्या. गाठ मात्र सापडेना.

३/ १९३२ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप यांनी सातव्या वेळी त्याची छाती उघडली. गाठ तेथे, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत दडलेली होती. परंतु फार उशीर झाला होता. मूत्रपिंडे आधीच खड्यांनी निकामी होत आली होती. काही आठवड्यांतच मार्टेल मरण पावला.

४/ आज अशा ग्रंथीचा ठाव आधी स्कॅन व सोनोग्राफीने घेतला जातो. शंका उरल्यास सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत बारीक सुई गाठीत नेतात, थोड्या पेशी ओढून घेतात आणि सुई धुतलेल्या द्रवातील पॅराथायरॉईड संप्रेरक मोजतात. मार्टेलच्या शरीरात जो शोध सुरीने ६ वर्षे चालला, तो आता बहुधा सुरी उचलण्यापूर्वीच संपतो.