महायुद्धविषयक मतमतांतरे, महाराष्ट्रातील

विसाव्या शतकातील दोन महायुद्धांची (१९१४–१८ व १९३९–४५) कारणे, त्यांतील राष्ट्रनेत्यांचे हेतू आणि युद्धसाधनांचा वापर यांविषयी महाराष्ट्रात झालेले वाद. यूरोपात युद्धाच्या जबाबदारीचा प्रश्न मुख्यतः युद्ध संपल्यावर चर्चिला गेला. व्हर्सायच्या तहातील २३१ व्या कलमाने पहिल्या महायुद्धाचे दायित्व जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकले आणि त्यानंतरची अनेक दशके इतिहासकार त्या निर्णयाची उलटतपासणी करीत राहिले. महाराष्ट्रात मात्र हा वाद युद्ध चालू असतानाच झाला, कारण येथे तो केवळ विद्वानांचा नव्हता. जे युद्ध भारतीयांना न विचारता त्यांच्यावर लादले गेले, त्यात माणसे व पैसा द्यावा काय आणि दिल्यास कोणत्या अटींवर द्यावा, या प्रश्नाशी युद्धाच्या कारणांची मीमांसा जोडलेली होती. युद्धाचे कारण सांगण्यात ज्यांचे एकमत होते, त्यांचे कर्तव्याबाबत मात्र टोकाचे मतभेद झाले, ही या वादाची लक्षणीय बाजू होय.

पहिले महायुद्ध : जून १९१४ मध्ये मंडालेच्या कारावासातून मुक्त झालेल्या लोकमान्य टिळकांनी ऑगस्टमध्येच प्रसिद्धिपत्रक काढून युद्धात सरकारला साहाय्य करण्याचा पुरस्कार केला. त्यांच्या टीकाकारांना हे धोरण अनपेक्षित वाटले. तथापि टिळकांचे साहाय्य निरपेक्ष नव्हते. बेल्जियमसारख्या छोट्या राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी आपण लढत आहोत, असे इंग्लंड म्हणत असेल, तर तेच तत्त्व हिंदुस्थानास का लागू होऊ नये, असा होमरूल चळवळीचा युक्तिवाद होता. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे स्थापन झालेल्या होमरूल लीगने तो गावोगाव पोहोचविला. युद्धाच्या घोषित हेतूंचा असा शब्दशः अर्थ लावण्यात मोठे राजकीय चातुर्य होते, कारण त्यामुळे राजद्रोहाचा आरोप करणे सरकारला अवघड झाले.

शस्त्रांचा प्रश्न याच्याशी निगडित होता. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने सामान्य जनता निःशस्त्र झाली होती आणि सैन्यातील राजसनदी अधिकारपदे भारतीयांना बंद होती. साहजिकच, शत्रूची लांब पल्ल्याची तोफ वा पाणबुडी यांपेक्षा आपल्या तरुणाच्या हाती बंदूक व खांद्यावर अधिकारचिन्ह केव्हा येणार, याची चिंता मराठी राजकीय नेत्यांना अधिक होती. १९१७ मध्ये भारतीय संरक्षक दलात तरुणांनी नावे नोंदवावीत, म्हणून टिळकांनी प्रचार केला, तो याच दृष्टीने.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन याने बोलाविलेल्या प्रांतिक युद्धपरिषदेत हा वाद उघड्यावर आला. टिळकांनी राजनिष्ठा व्यक्त करून स्वराज्य व स्वदेशरक्षण यांचा संबंध मांडण्यास प्रारंभ करताच गव्हर्नरने त्यांना राजकीय चर्चा करण्यास मनाई केली. टिळक सभात्याग करून निघाले व न. चिं. केळकर प्रभृती त्यांच्यामागून बाहेर पडले. १६ जून रोजी गिरगावातील शांताराम चाळीत झालेल्या निषेधसभेचे अध्यक्ष म. गांधी होते. गांधी त्या काळी खेडा जिल्ह्यात स्वतः सैन्यभरती करीत होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पुढे टिळकांनी त्यांना ५०,००० रुपयांचा धनादेश पाठविला व सैन्यात भारतीयांना अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळविल्यास महाराष्ट्रातून ५,००० सैनिक देण्याची हमी घेतली. हमी पुरी न झाल्यास ती रक्कम जप्त व्हावयाची होती. साहाय्य हा सौदा असू नये, या भूमिकेवरून गांधींनी धनादेश परत केला. अहिंसेचा पुरस्कर्ता विनाअट सैनिक मिळवू पाहत आहे आणि जहाल म्हणून गणलेला नेता आधी अटी घालीत आहे, असे हे विलक्षण चित्र होते. दोघांच्या राजकारणातील पुढील अंतराचे बीज या प्रसंगात दिसते.

ब्राह्मणेतर चळवळीने युद्धाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी भरतीस सक्रिय पाठिंबा दिला. मराठ्यांचे क्षात्रत्व रणांगणावर सिद्ध होते, ही भावना त्यामागे होती. नोव्हेंबर १९२१ मध्ये पुण्यातील शिवस्मारकाची कोनशिला इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते बसविण्यात आली, तिलाही या सेवेची पार्श्वभूमी होती. महार समाजाचा अनुभव याहून कटू होता. १८९० नंतर त्यांची भरती बंद करण्यात आली होती. १९१७ मध्ये निकड भासताच १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि युद्ध संपल्यावर अल्पावधीतच ती मोडण्यात आली. युद्धाचे कारण काहीही असो, गरजेपुरते बोलवावयाचे व नंतर घरी पाठवावयाचे, हा त्या समाजाला मिळालेला धडा पुढच्या युद्धातील वादात महत्त्वाचा ठरला.

सैनिकांच्या दृष्टीने या युद्धाचे नाव मेसोपोटेमिया असे होते. पुणे विभागाची ६ वी डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कूत-अल्-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने सुमारे १३,००० सैनिकांसह शरणागती पतकरली. त्यांत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कैदेतील उपासमार, रोगराई व सक्तीची वाटचाल यांत बंदिवानांपैकी बहुसंख्य भारतीय व ब्रिटिश शिपाई हाल सोसत राहिले व अनेक मृत्यू पावले. औषधे, जलवाहतूक व रसद यांची जी दैना झाली, तिच्यावर १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने कडक ताशेरे ओढले. पुण्याच्या चित्रमयजगत् मासिकातून कृ. प्र. खाडिलकर यांनी महायुद्धाच्या घडामोडींचे केलेले विवेचन वाचकप्रिय होते. रणनीतीचा असा परिचय मराठी वाचकाला प्रथमच सातत्याने घडला.

दुसरे महायुद्ध : ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोने केंद्रीय विधिमंडळाचा सल्ला न घेता हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे घोषित केले. त्याच महिन्यात वर्धा येथे भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने नाझी आक्रमणाचा निषेध करून युद्धोद्देश स्पष्ट करण्याची मागणी केली. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने नोव्हेंबरमध्ये मुंबई इलाख्यातील बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तत्पूर्वी २ ऑक्टोबर रोजी मुंबईच्या सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धविरोधी एकदिवसीय संप केला होता.

अहिंसेच्या प्रश्नावर काँग्रेसमध्येच दुफळी पडली. फ्रान्सच्या पाडावानंतर, जून १९४० मध्ये, परचक्रापासून संरक्षण करण्यास अहिंसेचे तत्त्व लावणे शक्य नाही, असे कार्यकारिणीने वर्धा येथे मान्य केले व गांधींना जबाबदारीतून मुक्त केले. जुलैअखेर पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने राष्ट्रीय सरकारच्या अटीवर सशस्त्र सहकार्याचा ठराव संमत केला. सरकारच्या ऑगस्टमधील प्रस्तावात ती अट मान्य झाली नाही. त्यामुळे सप्टेंबरमध्ये मुंबईच्या बैठकीत नेतृत्व पुन्हा गांधींकडे गेले आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. युद्धसहकार्याविरुद्ध भाषण करणे एवढेच त्या सत्याग्रहाचे स्वरूप होते. चार महिन्यांत तीन भूमिका घेणाऱ्या पक्षावर चंचलतेचा आरोप होणे साहजिक होते. परंतु प्रश्नच असा होता, की नाझीवादाचा द्वेष आणि साम्राज्यशाहीचा विरोध ही दोन्ही सत्ये एकाच धोरणात बसविणे कोणासही सुलभ गेले नाही.

मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांनी हा पेच एका बाजूने सोडविला. हे युद्ध फॅसिस्टविरोधी आहे व त्यात विजयी झालेला ब्रिटन साम्राज्य टिकविण्याइतका समर्थ उरणार नाही, असे रॉय यांचे भाकीत होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, व. भ. कर्णिक, वि. म. तारकुंडे ही महाराष्ट्रातील मंडळी या विचाराची होती. १९४२ च्या वातावरणात त्यांना सरकारधार्जिणे ठरविण्यात आले. भाकिताचा उत्तरार्ध पुढे खरा ठरला, याची नोंद मात्र फार थोड्यांनी घेतली. कम्युनिस्ट पक्षाचे प्रारंभीचे मत नेमके उलट होते. युद्ध साम्राज्यवाद्यांचे आहे, असे म्हणून त्याने संप घडविले. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएट संघावर आक्रमण केल्यानंतर काही महिन्यांनी तेच युद्ध त्याच्या दृष्टीने लोकयुद्ध झाले. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली आणि मुंबईहून लोकयुद्ध हे मराठी साप्ताहिक निघू लागले. शिवाय ही बंदी उठताच महिनाभरात ८ ऑगस्ट रोजी गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव झाला, त्यामुळे या मतांतराची किंमत पक्षाला दीर्घकाळ मोजावी लागली.

विनायक दामोदर सावरकर यांनी हिंदुमहासभेच्या मदुरा अधिवेशनात (डिसेंबर १९४०) सैनिकीकरणाचा कार्यक्रम पुढे मांडला. युद्ध कोणाचे आहे, यापेक्षा त्यातून हिंदू तरुणांना शस्त्रविद्या मिळते, हे त्यांना महत्त्वाचे वाटे. या भरतीमुळेच आझाद हिंद सेनेस प्रशिक्षित माणसे मिळाली, असे त्यांचे अनुयायी नंतर म्हणत. हा कार्यकारणसंबंध सिद्ध करणे कठीण आहे. याच परंपरेतील बा. शि. मुंजे यांनी मार्च १९३१ मध्ये रोम येथे मुसोलिनीची भेट घेऊन तेथील युवकांच्या सैनिकी शिक्षणसंस्था पाहिल्या होत्या व पुढे नासिक येथे भोंसला सैनिकी विद्यालय काढले (१९३७). पं. नेहरूंनी १९३६ मध्ये मुसोलिनीला भेटण्याचे टाळले, हे येथे तुलनेसाठी उल्लेखनीय आहे. यूरोपीय हुकूमशहांविषयी काही सुशिक्षित मराठी वर्गास वाटणारे आकर्षण हे बव्हंशी शिस्तीचे व इंग्रजांच्या शत्रूचे होते. त्या राजवटींनी ज्यूंवर व विरोधकांवर केलेल्या अत्याचारांचे आकलन त्यात नव्हते.

भीमराव रामजी आंबेडकर यांनी स्वच्छ बाजू घेतली. नाझी विजय झाल्यास वंशश्रेष्ठत्वावर आधारलेली जगरचना येईल व ती दलितांस आणि कामगारांस सर्वांत घातक ठरेल, अशी त्यांची धारणा होती. १९४१ मध्ये ते राष्ट्रीय संरक्षण परिषदेचे सदस्य झाले. त्याच वर्षी बेळगाव येथे महार पलटण पुन्हा उभारण्यात आली. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९१७ च्या पलटणीप्रमाणे ही पलटण मोडली गेली नाही. आजची महार रेजिमेंट ती हीच.

ज्या जिल्ह्यांतून सैनिक गेले, त्या सातारा जिल्ह्याचे उदाहरण या सर्व मतांची कसोटी घेणारे आहे. मराठा पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या मनुष्यबळ पुरविणाऱ्या या जिल्ह्यातच १९४३–४६ या काळात नाना पाटील यांचे पत्रीसरकार उभे राहिले. एका घरातील एक मुलगा इटलीत व दुसरा भूमिगत, अशी स्थिती तेथे अशक्य नव्हती. पलटणींविषयीही तेच म्हणता येईल. कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातील यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी तायबर खोऱ्यात आणि अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे यांना तो मरणोत्तर देण्यात आला. त्याच मराठा पलटणींतील अधिकारी जगन्नाथराव भोसले सिंगापूरच्या पाडावानंतर आझाद हिंद सेनेचे प्रमुख अधिकारी बनले. युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते व सुमारे ८७,००० मृत्यू पावले. भरतीमागे पगार, पेन्शन व घराण्याची परंपरा ही कारणे प्रबळ होती. सभामंचावरील मीमांसेचा तेथे अल्पच प्रवेश होता.

मुंबईकरांना आधुनिक स्फोटकांचा प्रत्यक्ष अनुभव शत्रूकडून आला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र लादलेल्या होत्या, याखेरीज सोन्याच्या विटाही होत्या. चारनंतर झालेल्या दोन भीषण स्फोटांनी गोदी व लगतच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत आढळतात. वृत्तनियंत्रणामुळे वार्ता देशी वृत्तपत्रांत मेपर्यंत सविस्तर येऊ शकली नाही. जपानी नियंत्रणाखालील सायगाव नभोवाणीने ती दुसऱ्याच दिवशी दिली. शहराच्या उत्तरेकडील वांद्रे ते जोगेश्वरी या उपनगरी पट्ट्यास युद्धाची जाणीव सांताक्रूझच्या हवाई दलाच्या तळामुळे होतीच. मे १९४३ पासून शिधावाटपही सुरू झाले होते.

युद्ध संपल्यावर वादाचे केंद्र बदलले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘तलवार’ या मुंबईतील नाविक तळावर उठाव झाला, तेव्हा वल्लभभाई पटेलांनी शरणागतीचा सल्ला दिला, तर अरुणा असफअली व कम्युनिस्ट यांनी त्यास पाठिंबा दिला. म्हणजे १९४२ मध्ये परस्परविरोधी असलेले गट येथे एका बाजूस आले. स्वातंत्र्योत्तर काळात वि. स. वाळिंबे यांचे वॉर्सा ते हिरोशिमा आणि वि. ग. कानिटकर यांचे नाझी भस्मासुराचा उदयास्त यांसारख्या ग्रंथांनी महायुद्धांचा इतिहास घरोघरी नेला. हिटलर, चर्चिल, स्टालिन यांच्या कर्तृत्वावर व रणगाड्यांच्या डावपेचांवर मराठी वाचक उत्साहाने वाद घालू लागला. अशा चर्चेत कूत, केरेन वा सेनिओ येथील मराठा शिपाई तुलनेने क्वचितच डोकावतो. समुद्रात बुडालेले खलाशी तर त्याहूनही विस्मृत आहेत. मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होम येथील स्मारकावर पहिल्या महायुद्धातील अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती जतन करण्यात आली आहे.