सोरायसिस व इसब असलेल्या त्वचेचे सौंदर्योपचार

सोरायसिस आणि इसब (एक्झिमा) या दीर्घकालीन त्वचाविकारांत त्वचेची स्वच्छता, स्निग्धता व रूप राखण्यासाठी केल्या जाणाऱ्या, पण आजाराला न चेतवणाऱ्या उपायांना सौम्य सौंदर्योपचार म्हणतात. स्नान, मॉइश्चरायझर, फेशियल, अनावश्यक केस काढणे, केस रंगवणे, नखांची निगा आणि चट्टे झाकणारी रंगप्रसाधने यांचा त्यांत समावेश होतो. हे उपचार आजार बरा करत नाहीत. ते वैद्यकीय उपचारांना पूरक असतात. एखादा उपचार सौम्य आहे की नाही, हे तो नैसर्गिक आहे की कृत्रिम यावरून ठरत नाही. त्वचेच्या संरक्षक थराला त्याने इजा होते का, घर्षण वा जखम होते का आणि त्यातील घटकांची रुग्णाला ॲलर्जी आहे का, या तीन गोष्टींवरून ते ठरते.

त्वचेतील बदल

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगीस्तर म्हणतात. त्यातील चपट्या मृत पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये यांची रचना विटा व चुन्याच्या भिंतीसारखी असते. ही भिंत शरीरातील पाणी आत राखते आणि साबण, परागकण, जीवाणू इत्यादींना बाहेर ठेवते.

इसबाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, म्हणजे ॲटोपिक डर्मटायटिसमध्ये, ही भिंत कमकुवत असते. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून २००६ साली असे दिसून आले, की फिलॅग्रिन हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातील दोष हे या आजाराच्या प्रवणतेचे एक महत्त्वाचे कारण आहे. अशा त्वचेतून पाणी लवकर उडून जाते, ती कोरडी पडते, खाज सुटते आणि खाजवल्याने भिंत आणखी ढासळते.

सोरायसिसची यंत्रणा वेगळी आहे. त्यात प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे त्वचेच्या पेशी अतिशय वेगाने तयार होतात. निरोगी त्वचेत पेशींना खालच्या थरातून पृष्ठभागापर्यंत यायला सुमारे महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास काही दिवसांत उरकतो. परिणामी जाड, खपल्या असलेले चट्टे उमटतात. गोऱ्या त्वचेवर हे चट्टे लाल दिसतात. सावळ्या व काळ्या त्वचेवर ते जांभळट, तपकिरी किंवा करडे दिसू शकतात. चट्टा बरा झाल्यावरही तेथे काळसर वा फिकट डाग काही महिने राहतो. हा डाग पुसण्यासाठी केलेला तीव्र उपचार अनेकदा नव्या दाहाचे कारण ठरतो.

कोब्नर परिणाम

जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख कोब्नर यांनी १८७०च्या दशकात असे निरीक्षण नोंदवले, की सोरायसिसच्या काही रुग्णांत निरोगी दिसणाऱ्या त्वचेला जखम झाली तर त्याच जागी नवा चट्टा उमटतो. यास कोब्नर परिणाम म्हणतात. ओरखडा, भाजणे, गोंदण, सुईचे टोचणे, तीव्र उन्हाचा चटका अशा निरनिराळ्या कारणांनी तो घडू शकतो.

सौंदर्योपचारांच्या दृष्टीने या परिणामाचा कालावधी महत्त्वाचा आहे. नवा चट्टा बहुधा इजेनंतर १० ते २० दिवसांनी दिसतो. त्यामुळे उपचाराच्या दिवशी त्वचा उत्तम दिसली, तरी तो उपचार मानवला असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. सर्व रुग्णांत हा परिणाम होत नाही. मात्र आजार वाढत असलेल्या काळात त्याची शक्यता अधिक असते.

स्नान व मॉइश्चरायझर

निरोगी त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. त्यामुळे त्वचेतील स्निग्ध द्रव्ये धुतली जातात. म्हणून कोमट पाणी, थोडा वेळ स्नान, साबणाऐवजी कमी सामूचे शोधक द्रव्य आणि अंग न घासता टिपून कोरडे करणे, ही पद्धत सुचवली जाते. घासणी, वजरी किंवा खरखरीत पंचा यांचा वापर टाळला जातो. सोरायसिसच्या खपल्या ओरबाडून काढल्यास रक्तस्राव व नवे चट्टे होऊ शकतात. त्या आधी तेलाने वा मलमाने मऊ करून आपोआप सुटू द्याव्या लागतात.

स्नानानंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावले जाते. त्याचे घटक तीन प्रकारे काम करतात. ग्लिसरीन व युरिया पाणी धरून ठेवतात, पेट्रोलियम जेली पृष्ठभागावर थर करून बाष्पीभवन रोखते आणि सेरामाइडसारखी द्रव्ये पेशींमधील स्निग्धांशाची भरपाई करतात. युरियामुळे चिरलेल्या त्वचेवर, विशेषतः लहान मुलांच्या, आग होऊ शकते. मलम जितके घट्ट व पाणी कमी असलेले, तितके ते अधिक काळ टिकते. परंतु दमट हवेत त्याने घामोळे किंवा केसांच्या मुळांशी पुळ्या येऊ शकतात. त्यामुळे कोकणपट्टीतील पावसाळ्यात हलके क्रीम आणि विदर्भातील कोरड्या हिवाळ्यात घट्ट मलम, असा ऋतुमानानुसार बदल सोयीचा ठरतो.

मॉइश्चरायझरचे प्रमाण बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा बरेच जास्त असते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागू शकते. मात्र त्याच्या उपयोगालाही मर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जोखीम असलेल्या बालकांना जन्मानंतरचे पहिले वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावूनही इसब टळला नाही. आंघोळीच्या पाण्यात घालायच्या स्निग्ध द्रव्यांचाही नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ होत नसल्याचे २०१८ च्या चाचणीत आढळले.

घटकद्रव्ये आणि ॲलर्जी

या त्वचेला त्रास देणाऱ्या घटकांत सुगंधी द्रव्ये व परिरक्षके प्रमुख आहेत. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकामुळे ॲलर्जीचे प्रमाण इतके वाढले, की युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर न धुता राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारे द्रव्य संरक्षक थर पातळ करते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे मॉइश्चरायझर म्हणून दिल्या जाणाऱ्या ॲक्विअस क्रीममध्ये हेच द्रव्य होते. त्यामुळे इसबाच्या रुग्णांची आग होते, असा इशारा तेथील औषध नियामकाने २०१३ साली दिला. सौम्य म्हणून ओळखले जाणारे उत्पादनही अपायकारक ठरू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

वेष्टनावरील ‘सुगंधविरहित’ या शब्दाचा अर्थही तपासावा लागतो. काही उत्पादनांत मूळ वास झाकण्यासाठी दुसरे गंधद्रव्य घातलेले असते. लव्हेंडर, टी ट्री, लिंबूवर्गीय तेले व चंदन ही वनस्पतिजन्य असली, तरी त्यांची ॲलर्जी होऊ शकते.

नवे उत्पादन वापरण्यापूर्वी ते कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, ७ ते १४ दिवस लावून पाहणे, ही घरी करता येण्याजोगी चाचणी आहे. धुवून टाकायच्या उत्पादनांसाठी व केसांच्या रंगांसाठी ती अशा प्रकारे करता येत नाही. वारंवार ॲलर्जी होत असल्यास त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. योझेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडलेल्या या पद्धतीत संशयित द्रव्ये पाठीवर चिकटवून ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा निरीक्षण करून निष्कर्ष नोंदवतात.

विविध सौंदर्योपचार

फेशियल: हलक्या हाताने केलेली स्वच्छता व गंधहीन मॉइश्चरायझरचा मसाज बहुधा सोसतो. वाफ, दाणेदार स्क्रब, ग्लायकॉलिक आम्लाचे पील व सूक्ष्म सुयांचे उपचार मात्र सक्रिय दाह असताना टाळले जातात. ब्लीचमधील हायड्रोजन पेरॉक्साइड व अमोनिया इसबाच्या त्वचेला तीव्र दाह करतात.

केस काढणे: वॅक्सिंगमध्ये केसांबरोबर शृंगीस्तराचा भागही ओढला जातो. थ्रेडिंगमध्ये क्षेत्र लहान असले, तरी दोऱ्याचे घर्षण होते. ॲसिट्रेटिन हे सोरायसिसवरील औषध घेणाऱ्यांची, तसेच रेटिनॉइड मलमे लावणाऱ्यांची त्वचा नाजूक होते व वॅक्सिंगने सोलली जाऊ शकते. केस कात्रीने किंवा ट्रिमरने कापणे हा तुलनेने निर्धोक पर्याय मानला जातो. लेझर उपचार चट्टा नसलेल्या जागी, आधी लहान भागावर चाचणी करून आणि पुरेसा काळ वाट पाहून केले जातात.

केसांचा रंग व मेंदी: बहुतेक कायमस्वरूपी रंगांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन हे ॲलर्जीकारक द्रव्य असते. शुद्ध मेंदीचा रंग केशरी-तपकिरी येतो. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांत हेच द्रव्य मिसळलेले असते आणि त्याने फोड व कायमची ॲलर्जी होऊ शकते. डोक्याच्या त्वचेवर भेगा असताना रंग लावला जात नाही.

नखे: सोरायसिसमध्ये नखांवर खळगे पडतात व नख तळापासून सुटते. अशा नखाखाली टोकदार साधनाने साफ करणे किंवा नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापणे यांमुळे आजार वाढू शकतो. नखे आखूड ठेवणे उपयुक्त असते. कृत्रिम व जेल नखांतील ॲक्रिलेट द्रव्ये ॲलर्जीची वाढती कारणे आहेत.

रंगप्रसाधन: चट्टे झाकण्यासाठी दाट रंगद्रव्याची खास क्रीमे वापरतात. ब्रिटनमध्ये रेडक्रॉसने चालवलेली ही सेवा २०११ साली चेंजिंग फेसेस या संस्थेकडे सोपवण्यात आली. ही क्रीमे ओल्या वा भेगाळलेल्या त्वचेवर लावली जात नाहीत, औषधी मलम शोषले गेल्यानंतर लावली जातात आणि झोपण्यापूर्वी न घासता काढली जातात.

भारतीय घरगुती परंपरा

दिवाळीचे उटणे, बेसन, मुलतानी माती, शिकेकाई व तेलाचे अभ्यंग हे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उपचार आहेत. त्यांपैकी अभ्यंग स्निग्धता देणारे असले, तरी सर्व तेलांचा परिणाम सारखा नसतो. सूर्यफूल तेल संरक्षक थराला मारक ठरत नाही; ऑलिव्ह तेल मात्र त्याची हानी करते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मोहरीच्या तेलाने थराची दुरुस्ती मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. खोबरेल तेलाच्या एका प्रकाराने, म्हणजे व्हर्जिन कोकोनट ऑइलने, इसबाच्या रुग्णांच्या त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस ऑरियस जीवाणूंचे प्रमाण कमी झाल्याचे २००८ च्या लहान चाचणीत नोंदवले गेले.

उटणे व मुलतानी माती त्वचेतील स्निग्धांश शोषतात आणि चोळताना घर्षण करतात. त्यामुळे कोरड्या, खाजऱ्या त्वचेवर त्यांचा वापर सहसा टाळतात. लिंबाचा रस आग करतो. शिवाय त्यातील सोरॅलिन वर्गातील द्रव्यांमुळे उन्हात त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. बावचीतही अशीच द्रव्ये असतात. फोटोथेरपी घेणाऱ्या रुग्णांत हा धोका अधिक असतो. चिकट टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलमुळे कपाळावर इसब किंवा पांढरा डाग येऊ शकतो.

स्टेरॉइडयुक्त क्रीमचा गैरवापर

भारतात स्टेरॉइड असलेली मलमे गोरेपणासाठी किंवा कोणत्याही खाजेवर सल्ल्याविना वापरली जाण्याची समस्या मोठी आहे. चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि मलम थांबवताच लाली व आग उसळते. सोरायसिसमध्ये तीव्र स्टेरॉइड अचानक बंद केल्यास पूयुक्त फोडांचा गंभीर प्रकार उद्भवू शकतो. केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखणारी अधिसूचना काढली. योग्य शक्तीचे स्टेरॉइड, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व ठरावीक मुदतीत वापरले असता, इसब व सोरायसिसवरील प्रमुख आणि उपयुक्त औषध आहे. त्वचा अल्पावधीत उजळवणाऱ्या, घटक न छापलेल्या क्रीमविषयी मात्र स्टेरॉइड किंवा पाऱ्याची शंका घेतली जाते.

सुरक्षितता

त्वचेतून पाणी वा पू येणे, पिवळसर खपली, झपाट्याने पसरणारा वेदनादायक दाह, ताप किंवा सर्वांगाची लाली असल्यास सौंदर्योपचार थांबवून वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते. मलमे कपड्यांत व चादरींत मुरली की ती कापडे लवकर पेट घेतात, असा इशारा ब्रिटिश औषध नियामकाने २०१८ साली पॅराफिनयुक्त व पॅराफिनविरहित अशा दोन्ही मलमांबाबत दिला. धुण्याने हा धोका पूर्ण जात नाही. त्यामुळे चूल, गॅस, निरांजन व फटाके यांच्याजवळ विशेष काळजी घ्यावी लागते.

सामाजिक बाजू

सोरायसिस व इसब हे संसर्गजन्य नाहीत. स्पर्शाने, एकाच खुर्चीवर बसल्याने किंवा एकाच कंगव्याने ते पसरत नाहीत. तरीही चट्टे गजकर्ण किंवा कुष्ठरोग समजून रुग्णांना ब्यूटी पार्लरमध्ये सेवा नाकारली जाण्याचे प्रसंग घडतात. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली सोरायसिसविषयी संमत केलेल्या ठरावात या आजाराशी जोडलेल्या कलंकाची दखल घेतली असून, दरवर्षी २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो. उपचारापूर्वी आजार, चालू औषधे व ॲलर्जी यांची विचारपूस करणे आणि चट्टा असलेला भाग वगळून उरलेल्या भागावर काम करणे, ही पद्धत व्यावसायिक व ग्राहक या दोघांच्याही हिताची असते. चट्टे झाकायचे की उघडे ठेवायचे, हा निर्णय मात्र रुग्णाचा स्वतःचा असतो. वैद्यकीयदृष्ट्या झाकणे बंधनकारक नसते.

हेही पाहा

इसब
सोरायसिस
संपर्कजन्य त्वचादाह
मेंदी
त्वचा