तीन पिचर, तीन दिवस आणि ओकलंडचा डिसेंबर २००४

'मनीबॉल' सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ब्रॅड पिट, लॅपटॉप घेऊन बसलेला जाडसर पोरगा, सलग २० विजय, गरीब टीमनं श्रीमंतांना दिलेली टक्कर. सगळं मस्त आहे. पण त्या टीमचा खरा कणा सिनेमात जवळजवळ दिसतच नाही. तो कणा म्हणजे टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तीन पिचर. लोक त्यांना 'बिग थ्री' म्हणायचे. २००२ मध्ये ओकलंड ॲथलेटिक्सनं १०३ मॅच जिंकल्या आणि त्याच वर्षी झिटोनं २३ विजय मिळवून लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार नेला. हे वगळून त्या सीझनची गोष्ट सांगायची म्हणजे बुमराहचं नाव न घेता मुंबई इंडियन्सचा इतिहास सांगण्यासारखं आहे.

आजचा एपिसोड सिनेमा संपल्यानंतरचा आहे. डिसेंबर २००४ मध्ये जनरल मॅनेजर बिली बीननं या तिघांपैकी दोघांना तीन दिवसांत देऊन टाकलं. १६ तारखेला हडसन अटलांटा ब्रेव्हजकडे गेला, १८ तारखेला मल्डर सेंट लुईस कार्डिनल्सकडे. ओकलंडचे फॅन हादरले होते. शहाणपणा होता की कंजूषपणा, हा वाद बेसबॉलवाले अजून घालतात.

आधी नियम समजून घेऊ, नाहीतर काहीच कळणार नाही. अमेरिकन बेसबॉलमध्ये नवा खेळाडू पहिली तीन-एक वर्षं जवळपास किमान पगारावर खेळतो. मग लवादामार्फत पगार वाढतो. सहा वर्षांची सर्व्हिस झाली की तो मोकळा, जो जास्त पैसे देईल तिकडे जाऊ शकतो. म्हणजे कमी पैशांच्या टीमकडे चांगला खेळाडू असेल तर त्याच्या डोक्यावर घड्याळ टिकटिकत असतं. ओकलंडला याचा चटका बसला होता. २००१ च्या शेवटी जेसन जिआम्बी ७ वर्षांच्या १२ कोटी डॉलरसाठी यांकीजकडे गेला. दोन वर्षांनी मिगेल तेहादा ओरिओल्सकडे. बदल्यात ओकलंडला मिळालं काय? ड्राफ्टमधले ज्यादा नंबर. बस.

२००४ च्या शेवटी हडसनच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. मल्डरचं २००५ होतं आणि २००६ साठी टीमच्या हातात ऑप्शन होता. झिटोचंही साधारण तसंच. आणि सीझन कसा संपला होता? शेवटच्या वीकेंडला घरच्या मैदानावर एंजल्सनी त्यांचा डिव्हिजन हिसकावला, एका मॅचच्या फरकानं. त्या मालिकेतली पहिली मॅच मल्डरनं सुरू केली आणि ओकलंड ती १०-० हरलं. मल्डर जुलैमध्ये ऑल-स्टार मॅचमध्ये अमेरिकन लीगचा पहिला पिचर होता. पण त्यानंतर त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले रन, सहाच्या वर गेला. हडसनला २००३ च्या प्लेऑफमध्ये बरगडीच्या बाजूचा स्नायू दुखावल्यानं मॅच सोडावी लागली होती, आणि २००४ मध्ये तेच दुखणं परत आलं. म्हणजे दोघांबद्दलही शंका घ्यायला जागा होती.

आता देवाणघेवाण बघा. हडसनच्या बदल्यात आले तिघं: रिलीफ पिचर हुआन क्रूझ, तरुण डावखुरा पिचर डॅन मायर आणि आउटफिल्डर चार्ल्स थॉमस. मल्डरच्या बदल्यातही तिघं: २४ वर्षांचा पिचर डॅन हॅरेन, रिलीफ पिचर कीको कलेरो आणि डॅरिक बार्टन नावाचा मायनर लीगमधला पोरगा.

पहिला ट्रेड सपशेल आपटला. क्रूझचा २००५ मधला ईआरए सातच्या वर, थॉमसची बॅटिंग ॲव्हरेज .१०९, आणि ज्याच्यावर खरी भिस्त होती त्या मायरचा खांदाच साथ देईना. तिकडे हडसननं अटलांटासाठी ११३ मॅच जिंकल्या, मध्ये कोपराचं मोठं ऑपरेशन होऊनसुद्धा. पुढे २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून वर्ल्ड सिरीजही जिंकली. करिअरचा आकडा: २२२ विजय.

दुसरा ट्रेड? अगदी उलटं. मल्डरनं पहिल्या वर्षी १६ विजय दिले, तेव्हा कार्डिनल्सवाले खूश असणार. २००६ मध्ये खांदा गेला, ईआरए ७.१४, मग ऑपरेशन. त्यानंतर दोन सीझन मिळून तो जेमतेम सहा मॅचमध्ये दिसला. तिशीच्या आसपास करिअर संपलं. हॅरेन मात्र ओकलंडसाठी तीन वर्षं दर सीझनला २०० च्या वर इनिंग टाकत राहिला. २००६ मध्ये ओकलंडनं मिनेसोटाला ३-० हरवून प्लेऑफची एक फेरी पार केली, जी बिग थ्री एकत्र असताना २००० ते २००३ मध्ये चारही वेळा पाचव्या मॅचला अडकली होती. त्यातली निर्णायक तिसरी मॅच हॅरेनचीच. पहिली झिटोची, कारण त्याला ठेवला होता.

इथे लोक म्हणतात, बीनला मल्डरचा खांदा आधीच दिसला, जीनियस माणूस. मला हे पटत नाही. मग त्याच माणसाला, त्याच आठवड्यात, मायरचा खांदा का नाही दिसला? आमच्या कामात सर्व्हर पडला नाही म्हणजे डिझाइन उत्तम, असं कोणी म्हटलं तर मीटिंगमध्ये भांडण होतं. पिचरच्या बाबतीत तर जास्तच. दर पाच दिवसांनी ताशी १४० किलोमीटरच्या वर चेंडू फेकणारा खांदा कधी फाटेल हे २००४ मध्ये कोणालाच नीट सांगता येत नव्हतं, आणि आजही पिचर जखमी होतातच. माझं मत असं की बीननं खांदा वगैरे ओळखला नाही. त्यानं एक महाग, लवकर संपणारी वस्तू देऊन तीन स्वस्त, जास्त टिकणाऱ्या वस्तू घेतल्या. तिघांतला एक चालला तरी पुरे, हा हिशेब. एकदा एकही चालला नाही, एकदा चालला.

हॅरेनशी ओकलंडनं २००५ मध्येच चार वर्षांचा करार केला, साधारण सव्वा कोटी डॉलरचा. झिटो २००६ नंतर मोकळा झाला आणि खाडीपलीकडच्या जायंट्सनी त्याला सात वर्षांसाठी १२.६ कोटी दिले. तोवरचा कोणत्याही पिचरचा सर्वांत मोठा करार! जायंट्सकडे तो ६३ जिंकला आणि ८० हरला. २०१० च्या प्लेऑफमध्ये त्याला टीममध्येही घेतलं नाही. (२०१२ मध्ये त्यानं वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच जिंकून दिली, तो एपिसोड वेगळा करू.)

पण एक गोष्ट मला खटकते. 'गरीब टीम' म्हणताना आपण मालकांना सोडून देतो. ओकलंडचे तेव्हाचे एक मालक स्टीव्ह शॉट बिल्डर होते. १९९५ मध्ये साधारण साडेआठ कोटी डॉलरला घेतलेली टीम त्यांच्या गटानं २००५ मध्ये साधारण १८ कोटीला विकली. घेणारे लुईस वुल्फ, तेही रिअल इस्टेटवाले. बीननं त्याला दिलेल्या बजेटमध्ये हुशारी दाखवली हे खरं, पण ते बजेट काही निसर्गनियम नव्हता. कोणीतरी ठरवलेला आकडा होता तो. हडसनला अटलांटानं लगेच चार वर्षांचे ४.७ कोटी दिले. तेवढे ओकलंडला खरंच परवडत नव्हते? मायरची जर्सी घालून बसलेल्या फॅनला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे.

चक्र तिथेच थांबलं नाही. डिसेंबर २००७ मध्ये हॅरेनलाही ॲरिझोनाला देऊन बदल्यात सहा जण घेतले. त्यातला कार्लोस गोन्झालेझ वर्षभरात कोलोरॅडोला दिला, आणि २०१० मध्ये तो तिकडे लीगचा बॅटिंग चॅम्पियन झाला.

२६ सप्टेंबर २०१५ ला ओकलंडच्या मैदानावर हडसन जायंट्सकडून आणि झिटो परत आलेला ॲथलेटिक्सकडून, दोघं समोरासमोर उतरले. मल्डरही मैदानात हजर होता. दोघंही दोन-तीन इनिंगच्या वर टिकले नाहीत, स्कोअर १४-१० झाला, ओकलंड हरलं. स्टँडमधले लोक तरी दोघांसाठी उभं राहून टाळ्या वाजवत होते.