दोन दिवसांचा वणवा, सहा दशकांचा धडा

आग लागायला इंधन, प्राणवायू आणि उष्णता या तीन गोष्टी लागतात, हे आपण वर्गात शिकवतो. यातली एक काढून घेतली की आग विझते. पण डोंगराला लागलेल्या आगीतून यातले नेमके काय काढून घ्यायचे? अमेरिकेत १९१० साली हा प्रश्न फार कठोरपणे पुढे आला.

आयडाहो आणि माँटाना या राज्यांच्या सीमेवर बिटररूट पर्वत आहे. तेथे पाइन, फर आणि सीडारची दाट जंगले होती. खोऱ्यांतून चांदी-शिशाच्या खाणींची गावे वसली होती आणि नुकताच नवा लोहमार्ग झाला होता. या जंगलांची राखण करणारे वनखाते १९०५ मध्ये स्थापन झालेले, म्हणजे अवघे पाच वर्षांचे होते.

त्या वर्षीचा उन्हाळा अतिशय कोरडा गेला. काही आगी विजा पडून लागल्या, काही कोळशाच्या इंजिनांतून उडालेल्या ठिणग्यांनी, तर काही माणसांच्या हातून. ऑगस्टच्या मध्यापर्यंत शेकडो लहानमोठ्या आगी धुमसत होत्या. खाण कामगार, लाकूडतोडे, मिळेल तो माणूस रोजंदारीवर घेतला गेला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी सैन्यही पाठवले. त्यात २५व्या पायदळाचे कृष्णवर्णीय सैनिक होते. आगी आटोक्यात येतील असे वाटू लागले होते.

२० ऑगस्टला दुपारी नैर्ऋत्येकडून प्रचंड वारा सुटला आणि सुट्या सुट्या आगी एकमेकींत मिसळल्या. वारा आगीला तीन प्रकारे मदत करतो. तो प्राणवायू पुरवतो, ज्वाळा वाकवून पुढचे झाड आधीच तापवतो आणि जळते निखारे दूरवर फेकतो. त्यात उतार असला तर वरच्या अंगाची झाडे ज्वाळांच्या जवळ येतात, त्यामुळे आग चढावर अधिक वेगाने धावते. बिटररूटमध्ये वारा आणि चढ दोन्ही होते. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. हे क्षेत्र आपल्या सातारा जिल्ह्याहून मोठे भरते.

वॉलेस या खाणगावी संध्याकाळी निखाऱ्यांचा पाऊस पडू लागला. बायका-मुलांना आगगाड्यांतून बाहेर काढले गेले, तरी गावाचा सुमारे एक तृतीयांश भाग जळाला. टाफ्ट, डी बोर्जिया, हॉगन आणि ग्रँड फोर्क्स या वस्त्या तर जवळजवळ नाहीशा झाल्या. एव्हरी गाव मात्र वाचले. तेथे येणाऱ्या आगीच्या समोरून दुसरी आग लावण्यात आली. दोन्ही आगी भेटल्या तेव्हा मधले इंधन संपलेले होते. त्रिकोणाची एक बाजू माणसानेच काढून घेतली होती.

वॉलेसजवळच्या डोंगरात एड पुलास्की हा वनाधिकारी सुमारे ४५ माणसांसह आगीत सापडला. त्याने सर्वांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले, तोंडावर ओली घोंगडी लावली आणि घाबरून बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल रोखून थोपवले. आत धूर भरला, एकेक जण बेशुद्ध पडला. पहाटे शुद्ध आली तेव्हा पाच जण मेलेले होते, बाकीचे जगले. पुलास्कीची दृष्टी अधू झाली, पण उपचाराचा खर्च सरकारने दिला नाही. एका बाजूला कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूला कुदळ असलेले, त्याच्या नावाचे अवजार आजही वणवा विझवणारे वापरतात.

या वणव्यात ८५च्या आसपास माणसे मेली. त्यांतली बहुतेक आग विझवणारी होती. शेवटी आग आटोक्यात आणली ती माणसांनी नव्हे, पाऊस आणि हिमाने.

वनखात्याने यातून एकच धडा घेतला: प्रत्येक आग विझवलीच पाहिजे. १९३५ मध्ये नियमच झाला, की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजण्यापूर्वी ती आटोक्यात यावी. ज्यांनी आपले सहकारी गमावले, त्यांना असे वाटणे स्वाभाविक होते.

पण या धड्यात एक चूक होती. पश्चिम अमेरिकेतील कोरड्या पाइन वनांत दर काही वर्षांनी जमिनीलगतची सौम्य आग येई. कधी ती विजेने लागे, कधी मूळ रहिवासी जाणूनबुजून लावत. तिच्यात पालापाचोळा व झुडपे जळत आणि जाड सालीची मोठी झाडे वाचत. ही आग थांबली तसे इंधन साठत गेले, आणि पुढे लागणारी आग शेंड्यांपर्यंत पोहोचू लागली. उंचावरच्या दमट वनांची गोष्ट वेगळी आहे. तेथे मोठे वणवे मुळातच क्वचित, पण भयंकर येतात. म्हणजे सर्व जंगलांना एकच नियम लावणे हीच चूक होती. १९७०च्या दशकात तो नियम सोडण्यात आला, पण साठलेले इंधन नियम बदलल्याने नाहीसे होत नाही. त्यात आता तापमानवाढीची भर पडली आहे.

आगीचा त्रिकोण शिकवताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: आज विझवलेल्या आगीचे न जळलेले इंधन उद्या कोठे जाते?