तळटीप : फिरते चक्र की टक्क्यांची पट्टी

लेखकाने ‘प्रगती दाखवा’ एवढेच म्हटले आहे. पण ती ठाऊक असेल तरच दाखवावी. दुर्ग-रायपूर मार्गावरच्या कुम्हारीत कोणी मोबाइलवर नागपूरच्या गाडीतल्या रिकाम्या जागा पाहतो, तेव्हा जावास्क्रिप्टची विनंती पडद्याआड जाते आणि पान जागचे हलत नाही. काहीच दिसले नाही की माणूस बटण पुन्हा दाबतो, म्हणून खूण हवीच. मात्र सर्व्हर शोध घेत असताना काम किती उरले हे ब्राउझरला कळत नाही. ‘प्रोग्रेस’ इव्हेंटमधले ‘लेंग्थकम्प्युटेबल’ ‘फॉल्स’ असेल, म्हणजे एकूण आकारच ठाऊक नसेल, तर टक्के म्हणजे निव्वळ थाप. लोकांना टक्केवारीच आवडते, हे संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच दाखवले, असा आक्षेप येईल. खरे आहे, पण ही आवड पट्टीवर विश्वास असेतोवरच टिकते आणि ९९ वर अडकलेली पट्टी तो घालवते. अशा ठिकाणी साधे चक्र बरे. तेही किंचित थांबून दाखवावे, नाहीतर झटपट आलेल्या उत्तरांत नुसती लुकलुक होते. (हे थांबणे बहुतेक जण विसरतात.) चक्र काढण्याची ओळ प्रॉमिसच्या ‘फायनली’त लिहावी; फक्त ‘देन’मध्ये लिहिली, तर नेटवर्क तुटल्यावरही ते फिरतच राहते.